नाणेघाटाच्या रांगेत

मोबाइल शोधू नका. तुमच्या अंगावर आत्ता खिसाच नाही. कमरेला जाड सुती वस्त्र आहे, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर दोन कानांचा लांबट मातीचा घडा. आत समुद्रापलीकडची द्राक्षांची दारू. ती जुन्नरच्या कुणा शेठजीच्या घशात उतरणार, तुम्ही फक्त वासाचे धनी.

आपण सातवाहनांच्या राज्यात आहोत. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांतला माल घाटमाथ्यावर चढतो तो याच वाटेनं, आणि आज तो तुम्ही चढवताय.

चढण म्हणजे छातीवरच येते. कोकणातली दमट हवा अंगाला चिकटलेली, घाम थेट डोळ्यांत, पुसायला हात मोकळा नाही. पुढे ओझ्याच्या बैलांची रांग. शेण, ओली गोणपाटं, गळ्यातल्या घंटा, हाकणाऱ्यांच्या आरोळ्या. पुढचा बैल थांबला की तुम्ही थांबायचं आणि त्याची शेपटी निमूट तोंडावर घ्यायची. वरून सुती कापडाचे गठ्ठे घेऊन उतरणारे येतात, तेव्हा कड्याला पाठ लावून उभं राहायचं. दरीकडे न बघितलेलं बरं.

अखेर लेणं लागतं. आत शिरा, पाठ टेका. कातळाचा गारवा! टाक्यातलं पाणी ओंजळीनं प्या. असं थंड पाणी तुमच्या फ्रिजमध्येही मिळत नाही. भिंतीवर राजघराण्याचे पुतळे ओळीनं उभे आहेत, डोक्यांवर ब्राह्मीत नावं कोरलेली. नीट बघून घ्या, कारण तुमच्या काळात त्यांची फक्त पावलं उरणार आहेत. बाजूला नागनिका राणीचा लांबलचक लेख: कोणते यज्ञ झाले, दक्षिणेत किती गायी, किती घोडे, किती कार्षापण नाणी दिली. आकडे अगदी चोख. हमालांचा हिशेब मात्र कुठं दिसत नाही, हे मी आपलं जाता जाता सांगितलं.

‘उठा रे!’

खिंड इतकी अरुंद की बैलांच्या पोटावरची गोणी दोन्हीकडे घासते. मग एकदम माथ्यावरचा भणाण वारा. वर ज्याला तुम्ही जीवधन म्हणता तो डोंगर. पहारा ठेवायला याहून मोक्याची जागा शोधून सापडायची नाही, त्यामुळे जकात चुकवून पळायचा विचार सोडा. समोर भला मोठा दगडी रांजण. जकात त्यातच टाकायची, असं मागाहून लोक सांगणार आहेत. रांजणाभोवती हीऽ गर्दी! दोन व्यापारी गठ्ठ्यांच्या मोजणीवरून हमरीतुमरीवर आलेत. मागे कुणीतरी इरिल नावाच्या यवनाबद्दल, म्हणजे परदेशी माणसाबद्दल बोलतंय, जुन्नरला त्यानं पाण्याची दोन टाकी दान दिली म्हणे.

तुमची पाळी येते. जकातदार घड्याभोवती फिरतो, नाक जवळ नेतो, मग तुमच्या खांद्यावरचा लालसर ओघळ बघतो.

‘हा निघाला तेव्हा भरलेला होता ना?’

सांगा आता काय ते. मी मागच्या बैलाबरोबर आहे.