पेशवाईतला खांब आणि ठाण्याची फीत

आपल्या स्मरणिकेत तंजावरचे भोसले राजे, सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख यांवर दरवर्षी काही ना काही छापून येते, आणि ते यायलाच हवे. यंदा मी जरा वेगळा विषय घेतला आहे. हा इतिहास शरीराच्या कसरतीचा आहे. त्याची सुरुवात पुण्यात होते आणि शेवट ठाण्यात, पण मधे तो आपल्या तंजावरच्या दारावरून जातो. मी रेल्वेत रुळांची कामे पाहणारा डिप्लोमावाला माणूस, इतिहासाचा पंडित नव्हे. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे.

ऑलिम्पिकच्या वेळी टीव्हीवर रिदमिक जिम्नॅस्टिक्स नावाचा खेळ आपण पाहतो. १३ मीटर लांब-रुंद गालिचा, त्यावर एकटी मुलगी आणि हातात कडे, चेंडू, दोन मुद्गलांसारख्या गदा किंवा ६ मीटर लांबीची रेशमी फीत. दीड मिनिटाच्या आत संगीताच्या ठेक्यावर सगळी कसरत पुरी करायची. फितीला गाठ पडली किंवा चेंडू निसटला की गुण गेले. हा खेळ तसा नवाच आहे. त्याची पहिली जागतिक स्पर्धा १९६३ साली बुडापेस्टला झाली, तर ऑलिम्पिकमध्ये तो १९८४ साली लॉस एंजलिसला आला. रशिया आणि पूर्व युरोपातल्या बलाढ्य देशांनी त्या वेळी बहिष्कार घातला होता. पहिले सुवर्णपदक कॅनडाच्या लोरी फंग हिने जिंकले. त्याआधी जागतिक स्पर्धेत ती पहिल्या विसांतही नव्हती, पण संधी आली तेव्हा तिची तयारी होती.

२०१० साली दिल्लीला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. त्यात या खेळात भारताकडून उतरलेल्या तीन मुलींची नावे पाहा: पूजा सुर्वे, क्षिप्रा जोशी आणि अक्षता शेटे. आडनावे वाचूनच ओळख पटते. पदक मिळाले नाही. पण ज्या खेळाचे नावही आपल्या घरांत कुणाला ठाऊक नव्हते, त्यात देशाच्या वतीने तीन मराठी मुली उभ्या राहिल्या, याचे मला फार कौतुक वाटले. मग विचार आला की दोर, उडी, तोल आणि लवचीकपणा यांची आवड आपल्या मातीत आली कुठून? याचे उत्तर शोधताना मी पोचलो बाळंभटदादा देवधरांपाशी.

बाळंभटदादा मूळचे नाशिककडचे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी ते होते. त्यांची कथा अशी सांगतात की निजामाच्या हैदराबादेहून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यास आले आणि त्यांनी दरबारात आव्हान दिले. कुणी पुढे येईना, तेव्हा तरुण बाळंभटाने विडा उचलला. तयारीसाठी मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन उपासना केली. तिथे झाडांवर खेळणारी माकडे पाहून त्याला खांबावरच्या कसरतीची युक्ती सुचली. पुढे कुस्तीत त्याने गुलाबाला हरवले आणि अलीने माघार घेतली. यात आख्यायिकेचा भाग असणारच. खांबावरचा व्यायाम त्याहून जुना आहे. १२ व्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात त्याचा उल्लेख सापडतो. परंतु विस्मरणात गेलेली ही विद्या पुन्हा उभी करून तिला शिस्त लावण्याचे श्रेय बाळंभटदादांनाच दिले जाते.

ज्यांनी मल्लखांब जवळून पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सागवानी किंवा शिसवी खांब जमिनीत पुरतात. जमिनीवर तो साधारण अडीच मीटर राहतो, खाली जाड आणि वर निमुळता. त्याला एरंडेल लावतात. आम्ही इंजिनीयर मंडळी घर्षण कमी करायला तेल घालतो. इथेही तेच आहे, पण हेतू उलटा. खांब जितका निसटता, तितकी मांड्यांची आणि हातांची पकड पक्की व्हावी लागते. अढी, तेढी, बगली, दसरंग, फरारे अशी एकेक उडी शिकत जावे लागते. लहानपणी सांगलीकडच्या आमच्या गावच्या तालमीत मी साध्या अढीपर्यंत पोचलो होतो, त्यामुळे पुढच्या उड्या मारणाऱ्यांविषयी आदर कायम आहे.

आता खरा प्रश्न. १८१८ साली पेशवाई बुडाली. बाजीराव वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला गेले. राजाश्रय गेला की कला जाते, असे आपण सहज म्हणतो. मग मल्लखांब का गेला नाही? कारण ती विद्या दरबाराच्या दफ्तरात न राहता शिष्यांच्या अंगात उतरली होती. काशी, बिठूर, बडोदे असे जिथे जिथे मराठी माणूस गेला तिथे आखाडा गेला. बडोद्याला जुम्मादादांची व्यायामशाळा आणि त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांनी ती परंपरा चालवली. त्याच शहरात द. चिं. मुजुमदारांनी मराठीत दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश सिद्ध केला. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवून आले.

आणि नेमक्या त्याच काळात आपल्या तंजावरात काय चालले होते? बाजीराव पुण्यात गादीवर होते तेव्हा इथे १७९८ पासून दुसरे सरफोजी राजे होते. त्यांच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ नृत्य-संगीत शिकवीत. अलारिप्पूपासून तिल्लाण्यापर्यंत भरतनाट्यमचा जो क्रम आज सगळीकडे शिकवतात, तो या चौघांनी बसवला. सरफोजींच्या हाती राज्यकारभार असा फारसा उरलाच नव्हता आणि १८५५ साली गादीही खालसा झाली. तरी नाच राहिला. वडिवेलु त्रावणकोरला स्वाती तिरुनाळांकडे गेले, चिन्नय्या म्हैसूरला. त्यांच्याच घराण्यातले पंदनल्लूरचे मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे पुढे रुक्मिणीदेवी अरुंडेल शिकल्या. म्हणजे दोन मराठी दरबार, एकाने खांब सांभाळला आणि एकाने अडवू. दोन्ही दरबार गेले, दोन्ही विद्या राहिल्या. दोन्हीकडे कारण एकच, शिकवणारा माणूस.

खांबावरून दोरावर येऊ. मल्लखांबाचा दोराचा प्रकार मुलींमध्ये विशेष रुजला. वरून साधारण साडेपाच मीटरचा सुती दोर लोंबतो, त्याला गाठ नसते. पायाच्या अंगठ्यात दोर पकडून वर जायचे आणि अंगाभोवती तो गुंडाळून हवेत आसने करायची. दादरच्या शिवाजी पार्कवरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ सालचे. तिथल्या उदय देशपांडे सरांनी हजारोंना, त्यात अंध मुलांनाही, मल्लखांब शिकवला आणि २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८१ साली उज्जैनला राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या आणि २०१९ च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा भरली. २०२१ च्या अर्जुन पुरस्कारांत मल्लखांबपटू हिमानी परब हिचे नाव होते.

दोराचा मल्लखांब आणि रिदमिक जिम्नॅस्टिक्स हे सख्खे नाते आहे असा माझा दावा नाही. एक आपला, दुसरा युरोपातून आलेला. पण मुलीने अंगाची कसरत चारचौघांत करावी, आणि शिकलेल्या मुलीने पुढे दुसऱ्या मुलीला शिकवावे, ही रीत ज्या समाजात रुजली तिथे नवा खेळही लवकर रुजतो, असे मला वाटते. याचा दाखला म्हणजे ठाण्याच्या पूजा सुर्वे. २०१० नंतर त्या केवळ माजी खेळाडू म्हणून राहिल्या नाहीत. त्या प्रशिक्षक झाल्या आणि ठाण्यात मुली घडवू लागल्या. त्यांची शिष्या संयुक्ता काळे. २०२२ च्या जूनमध्ये पंचकुला येथील खेलो इंडिया युवा स्पर्धेत या मुलीने रिदमिकची पाच सुवर्णपदके मिळवली. २०२३ साली गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ओडिशाच्या प्रणती नायकबरोबर सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूचा मान तिला मिळाला.

पदके मोजायची तर गुरूच्या नावावर राष्ट्रकुलचे एकही नाही. पण पहिल्या पिढीचे काम पायवाट पाडण्याचे असते. आमच्या खात्यात नव्या मार्गाचा पहिला सर्व्हे करणाऱ्याचे नाव पुढे कुणाला आठवत नाही, गाड्या मात्र त्याच आखणीवरून धावतात. बाळंभटदादांचे आणि पूजाताईंचे काम मला याच जातीचे वाटते.

आता आपल्याविषयी. आपल्यापैकी काही घराणी इथे तीनशे वर्षांपासून आहेत, काही आमच्यासारखी बदलीने आली आणि रमली. आपल्या मुली इथे भरतनाट्यम शिकतात ही फार चांगली गोष्ट आहे. माझीही मुलगी शिकते. पण मल्लखांब हा शब्द तिने प्रथम माझ्या तोंडून ऐकला, आणि पुष्कळ घरांत हीच स्थिती असावी. गंमत अशी की तमिळनाडूतच, विळुप्पुरमला, मल्लखांबाचे मोठे केंद्र आहे. तिथली तमिळ मुले 'मल्लर कंबम' म्हणून तो खेळतात आणि राष्ट्रीय स्पर्धा गाजवतात. ही कला मुळात आपलीच असे तेही म्हणतात. म्हणू द्यावे. ज्याच्या अंगात उतरली त्याची ती. कुंभकोणम, मायिलाडुतुरै, चिदंबरम करत आपल्याच मार्गावरची गाडी विळुप्पुरमला जाते.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. पुढच्या उत्सवात एका संध्याकाळी विळुप्पुरमच्या मुलांना प्रात्यक्षिकासाठी बोलवावे. त्यांच्या गुरुजींना तयार करता आले, तर महिन्यातून दोन रविवार आपल्या मुलामुलींसाठी वर्ग ठेवावा. लागणारे साहित्य थोडे आहे: एक खांब, एक सुती दोर, खाली जाड गाद्या आणि शिकवणारा जाणता माणूस. दोर ज्या तुळईला टांगायचा, ती भार पेलते की नाही हे तपासून देण्याचे काम माझ्याकडे लागले. बाकी सर्व तुमच्याकडे आणि गजाननाकडे.

गणपती बाप्पा मोरया!