दुनळी बंदुकीची किंमत आणि बहिणींचा वाटा

जुन्या घराण्यात कर्ता पुरुष गेला की जमीन, दागिने यांची मोजदाद होते. इंग्रजी बनावटीची दुनळी बंदूक मात्र न बोलता थोरल्या मुलाकडे जाते. तिची किंमत कोणी काढत नाही. या सवयीमागे परवान्याचा इतिहास आहे.

1857 च्या उठावात नाशिक जिल्ह्यातही भिल्लांनी हत्यार उचलले. सिन्नरकडचे त्यांचे नेते भागोजी नाईक 1859 मध्ये मारले गेले. उठावानंतर सरकारने लोकांना निःशस्त्र करण्याचा सपाटा लावला. 1878 च्या लिटनच्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली, युरोपियनांना सूट दिली. 1887 च्या मद्रास काँग्रेसने हा कायदा बदलण्याची मागणी केली, तेव्हा अध्यक्ष होते मुंबईचे बदरुद्दीन तय्यबजी. नाशिकमध्ये 1909 साली कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळी झाडली, ती लंडनहून चोरून आलेल्या पिस्तुलाने. अशा काळात घरात परवान्याची बंदूक असणे म्हणजे सरकारचा विश्वास असणे. हा विश्वास एकाच पुरुषाच्या नावावर असे. त्यामुळे परवाना ज्याचा, बंदूक त्याची, असा समज रुजला.

हा समज चुकीचा आहे. परवाना म्हणजे बाळगण्याची मुभा; मालकी वेगळी. शरीयतनुसार कर्ज आणि वसियत फेडल्यावर उरलेल्या प्रत्येक वस्तूत मुलींचा हिस्सा असतो. एक मुलगा, दोन मुली आणि दुसरा वारस नसेल, तर मुलाला निम्मे आणि प्रत्येक मुलीला पाव. बंदूक कापून वाटता येत नाही, म्हणून तिची किंमत काढावी लागते.

ती कशी काढायची? आधी कारखान्याचे नाव आणि क्रमांक पाहावा. नळीवरचे लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीचे शिक्के पाहावेत. नळीवर लाटांसारखी नक्षी असेल तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली ‘दमास्कस’ नळी असू शकते. ती काळ्या दारूच्या जमान्यातली. आजच्या काडतुसाने फुटण्याचा धोका असतो. मूळ दस्ता आणि नळ्या शाबूत असतील तर भाव वाढतो, घासूनपुसून चकाकी आणली तर घटतो. परदेशातल्या लिलावाचे आकडे इथे लावू नयेत. आपल्याकडे विकत घेणारा परवानाधारकच हवा, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. म्हणून परवानाधारक दोन विक्रेत्यांकडून लेखी अंदाज घ्यावा.

परवानाधारक वारला की बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाच्या नव्या परवान्यासाठी नाशिक शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. त्यासोबत इतर वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र मागितले जाते. बहिणी सही करतात आणि विषय तिथेच मिटतो. पण ती सही परवान्यापुरती असते. तिने हिस्सा सोडला असे होत नाही. हिस्सा सोडायचा असेल तर तो किंमत कळल्यावर, राजीखुशीने सोडावा.

म्हणून कागद दोन असावेत. एक सरकारसाठी, ना-हरकतीचा. दुसरा घरासाठी, त्यावर बंदुकीची किंमत आणि प्रत्येक बहिणीला दिलेली रक्कम लिहिलेली.