एका चेकबॉक्सची पूर्वपीठिका

परवा कोड रिव्ह्यू करताना एक चेकबॉक्स समोर आला. ‘माझं वय १८ पूर्ण आहे.’ बस्स. टिचकी मारली की आत. खोटं बोललात तर जबाबदारी टिचकी मारणाऱ्याची, आपण मोकळे! मनात आलं, पूर्वीपासून असंच होतं का? म्हणून शनिवारी ब्रिटनचे जुगाराचे जुने कायदे काढून बसलो. (त्यापेक्षा माळा आवर, असं घरच्यांचं मत पडलं.)

तर मंडळी, साल १८९२. तेव्हा इंग्लंडात सज्ञान व्हायचं वय २१. पैज लावा, कर्ज घ्या, अशी पत्रकं पोरांना पाठवणाऱ्यांसाठी ‘बेटिंग अँड लोन्स (इन्फन्ट्स) ॲक्ट’ आला. शिक्षा ३ महिन्यांपर्यंत कैद, १०० पौंडांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण मला भावलं ते वेगळंच कलम. पत्रक शाळा-कॉलेजात कुणाला गेलं आणि तो अल्पवयीन निघाला, तर पाठवणाऱ्याला वय ठाऊक होतं असंच कोर्ट धरून चालणार. ‘मला वाटलं मोठा असेल’ एवढं म्हणून सुटका नाही. तसं वाटायला सबळ कारण होतं, हे त्यानेच सिद्ध करायचं. आमच्या भाषेत, व्हॅलिडेशन सर्व्हरच्या बाजूला. तेही १३० वर्षांपूर्वी!

पुढे १९०६ चा ‘स्ट्रीट बेटिंग ॲक्ट’. १८५३ च्या कायद्याने सट्ट्याचे अड्डे बंद केले, तसे बुकी गल्लीबोळांत आले. साहेबलोक रेसकोर्सवर खुशाल पैसे लावत, त्याला हरकत नव्हती. कामगाराने गल्लीत लावले की गुन्हा. हा दुजाभाव होताच. पण मुलांबाबत कायदा कडक होता. रस्त्यावरच्या बुकीला पहिल्या गुन्ह्याला १० पौंडांपर्यंत दंड, दुसऱ्याला २०. मात्र १६ वर्षांखालच्या मुलाशी व्यवहार केला, तर पहिल्याच खेपेला ५० पौंडांपर्यंत दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद.

आता २००५ च्या ‘गॅम्बलिंग ॲक्ट’कडे या. मुलाला जुगाराला बोलावणं हा गुन्हा, त्याला कैदही होऊ शकते. वय तपासण्यासाठी शक्य ते सगळं केलं, हे दाखवता आलं तर बचाव. इथवर ठीक. पण कलम ४८ म्हणतं, काही अपवाद सोडले तर १६-१७ वर्षांच्या मुलाने जुगार खेळणं हा त्याचाही गुन्हा. कैद नाही, पण १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे ज्याला वाचवायचं, तोच आरोपी! आता असा पोरगा हरलेल्या पैशांची तक्रार घेऊन पोलिसांकडे जाईल का? मला तरी वाटत नाही. शिक्षेच्या भीतीने तो गप्प बसतो, आणि फायदा होतो तो पैसे घेणाऱ्याचा.

आपल्याकडे २०२५ साली संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सरसकट बंदी योग्य का, यावर वाद घालता येईल. पण बोट कुणाकडे दाखवायचं, हे मात्र १८९२ वाल्यांसारखंच बरोबर जमलंय.

असो. तो चेकबॉक्स मी मंजूर केला नाही. ‘वय खरंच तपासा’ अशी कॉमेंट टाकलीय. सोमवारी टीममध्ये भांडण ठरलेलं आहे!