समुद्रातील वहिवाट

वहिवाटीच्या दाव्यात न्यायालय प्रथम एकच गोष्ट विचारते : या वाटेने कोण जात होते, आणि किती वर्षे? नकाशावर रेघ असो वा नसो, गावातील दोन वृद्ध साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहून ‘आमच्या बापजाद्यांपासून हीच वाट’ असे शपथेवर सांगू लागले, म्हणजे दाव्याला बळ येते. साक्षीदार मागे उरले नाहीत, तर चांगली रुळलेली वाटही काट्याकुट्यांत बुजून जाते. वाट जितकी जमिनीवर असते, तितकीच ती माणसांच्या स्मरणात असते. हाच न्याय समुद्रातील मुक्या माशांनाही लागू पडतो, असे कोणी म्हटले तर वाचकांस ती कविकल्पना वाटेल. परंतु उत्तर अटलांटिकमधील हेरिंग या माशाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास नेमके हेच सांगतो.

हेरिंग हा आपल्या तारलीच्याच कुळातला, थव्याने राहणारा मासा. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तो समुद्राच्या तळाशी अंडी घालतो. पिले प्रवाहाबरोबर उत्तरेकडे बॅरेंट्स समुद्रात वाहत जातात, तेथे तीन-चार वर्षे वाढतात आणि मग वडीलधाऱ्यांच्या थव्यात येऊन मिसळतात. पूर्वी या प्रौढ माशांचे वर्षाचे वेळापत्रक ठरलेले असे. अंडी घालून झाली की पश्चिमेस खुल्या समुद्रात शिरावयाचे, चरत चरत आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत जावयाचे, त्या बेटाच्या पूर्वेस हिवाळा काढावयाचा आणि पुन्हा नॉर्वेकडे परतावयाचे. आइसलंडचा हेरिंग आणि नॉर्वेचा हेरिंग एकच, हे मत आर्नी फ्रिद्रिक्सन या आइसलंडच्या शास्त्रज्ञाने मांडले होते. 1948 पासून दोन्ही देशांनी मिळून माशांच्या पोटात पोलादाच्या बारीक खुणा घालून त्यांना सोडण्यास आरंभ केला. मासळीची पूड करणाऱ्या कारखान्यांत लोहचुंबकाने त्या खुणा हाती लागल्या, आणि एका किनाऱ्यावर सोडलेला मासा दुसऱ्या किनाऱ्यावर सापडला. वहिवाटीचा असा रोकडा पुरावा क्वचितच मिळतो.

या वाटेवर गावेच्या गावे उभी राहिली. आइसलंडच्या उत्तर टोकाचे सिग्लुफ्योर्दुर हे त्यांपैकी प्रमुख. 1903 साली नॉर्वेचे लोक तेथे हेरिंग खारवावयास आले आणि एका लहानशा खेड्याचे सुमारे तीन हजार वस्तीचे शहर झाले. हंगामात गलबते लागली की गावोगावच्या तरुण मुली धक्क्यावर रात्रंदिवस उभ्या राहून मासे साफ करीत आणि मिठाबरोबर पिंपांत भरीत. देशाच्या निर्यातीचा मोठा भाग या एका माशावर चाले.

1950 च्या सुमारास अंडी घालणाऱ्या हेरिंगचा साठा एक कोटी टनांहून अधिक होता. एवढ्या संपत्तीला अंत असेल असे कोणाला वाटावे? पुढे ध्वनिलहरींनी थवा हुडकणारी यंत्रे आली. पुढे आपल्या किनाऱ्यावरही परिचयाचे झालेले पर्ससीन जाळे यंत्राच्या कप्पीने ओढले जाऊ लागले. त्यातच समुद्र थंड झाला. प्रौढांबरोबर बॅरेंट्स समुद्रातील पिलेही उपसली गेली. 1966 साली जवळजवळ वीस लाख टन मासा पकडला गेला. 1969 साली तो आकडा एका लाखाच्याही आत आला. सिग्लुफ्योर्दुरची पिंपे रिकामी राहिली. आइसलंडला 1967 आणि 1968 अशी लागोपाठ दोन वर्षे आपल्या चलनाचे अवमूल्यन करावे लागले.

परंतु या लेखाचा विषय नाश हा नव्हे. नाशातून जे वाचले त्यांनी काय केले, हा आहे. उरलेला मासा जुन्या वाटेने गेलाच नाही. तो नॉर्वेच्या किनाऱ्यालगत राहू लागला. तेथेच चरे, तेथेच हिवाळा काढी, तेथेच अंडी घाली. याचे एक कारण उघड आहे. थोड्यांना थोडके अन्न पुरते, त्यासाठी महासागर ओलांडावा लागत नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. वाट दाखविणारे वृद्ध मासेच उरले नव्हते.

संख्या वाढली म्हणजे केवळ बेरीज वाढते असे नाही, स्वभावही पालटतो. 2006 साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील जॉर्जेस बँक या उथळ समुद्रपट्ट्यावर निकोलस माक्रिस यांच्या तुकडीने ध्वनिलहरींनी हेरिंगचे निरीक्षण केले. पाच चौरस मीटरांत एक मासा इतकी दाटी होईपर्यंत मासे विखुरलेले राहत. ती मर्यादा ओलांडताच एकत्र येण्याची लाट पसरे आणि थोड्याच वेळात कोट्यवधी माशांचा, मैलोगणती लांबीचा थवा सिद्ध होऊन अंडी घालण्याच्या जागेकडे चालू लागे. त्या मर्यादेच्या आत समाज नाही. ती ओलांडली की समाज आहे.

नॉर्वेत 1983 साली जन्मलेली मोठी पिढी वाचली आणि साठा पुन्हा वाढू लागला. त्या पिढीने उत्तर नॉर्वेच्या खाड्यांत हिवाळा काढण्याची नवी रीत पाडली आणि मागून आलेल्यांनी ती उचलली. 1990 नंतरच्या दशकाच्या मध्यास संख्या पुरेशी झाली, तेव्हा थवे पुन्हा खुल्या समुद्रात चरावयास गेले. परंतु सिग्लुफ्योर्दुरचे जुने वैभव परत आले नाही. तेथील खारवणीच्या वखारीचे आता संग्रहालय झाले आहे.

मासा पुन्हा सीमा ओलांडू लागताच आम्हां वकिलांचे काम निघाले. 1996 साली नॉर्वे, रशिया, आइसलंड आणि फेरो बेटे यांनी वाटणीचा करार केला. मात्र 2013 पासून हिश्श्यांवर एकमत होईना. प्रत्येकाने स्वतःच ठरविलेल्या हिश्श्यांची बेरीज शास्त्रज्ञांनी सुचविलेल्या मर्यादेबाहेर जाऊ लागली. त्यात मोठा, जुना मासाच अधिक मारला गेला. याचा परिणाम बर्गेन येथील समुद्र-संशोधन संस्थेच्या आरिल स्लॉटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2025 साली प्रसिद्ध केला. 2016 साली जन्मलेली विपुल पिढी वयात आली, तेव्हा तिला दक्षिणेकडील जुनी जागा दाखविण्याइतके वडीलधारे उरले नव्हते. अंडी घालण्याचे मुख्य ठिकाण सुमारे आठशे किलोमीटर उत्तरेस सरकले. मासे संख्येने पुरेसे होते. वाट ठाऊक असणारे पुरेसे नव्हते.

वाटणीचे करार टनांत लिहिले जातात. तराजूला एक टन तरुण मासा आणि एक टन जुना मासा सारखाच. पण ज्याने दहा वेळा ती वाट तुडविली आहे त्याला पकडले, तर मासाही जातो आणि साक्षीदारही जातो. माशांची भर कालांतराने पुढच्या विणीतून निघते. साक्षीदाराची भर कशातून काढावी, हे कोणत्याही करारात लिहिलेले नाही. नवी पिढी नवी वाट पाडील, तीही कदाचित चांगली असेल; परंतु जुन्या वाटेवर वसलेल्या गावांना त्याचा उपयोग नाही. वहिवाटीचा दावा चालविताना आपण म्हाताऱ्या साक्षीदाराला जपून न्यायालयात आणतो, कारण तो गेला की दावा गेला. समुद्राच्या बाबतीत मात्र हिशेबाला बसणारे सगळे एका बाजूचेच असतात, आणि ज्याची साक्ष हवी तोच जाळ्यात असतो.