सिंगापूरचे गुडघे आणि सिंगापूरचे जिने

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगू लागले की तो बहुधा धातू आणि प्लास्टिकचाच इतिहास होऊन बसतो. १८९०मध्ये बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुकने क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवून पाहिली. ती टिकली नाही. १९५०च्या दशकात वाल्डियस आणि शियर्स यांच्या बिजागऱ्या आल्या. त्या पुढेमागे वाकत, पण निसर्गाच्या गुडघ्यासारख्या किंचित वळत नसत, म्हणून लवकर सैल पडत. इंग्लंडमध्ये जॉन चार्नलीकडे काम करताना कॅनडाच्या फ्रँक गन्स्टनने १९६८च्या सुमारास बिजागरीच काढून टाकली आणि हाडांची टोके तेवढी मढवली. १९७४मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि पीटर वॉकर यांचा ‘टोटल कंडायलर’ सांधा वापरात आला. आजचे बहुतेक सांधे त्याच घराण्यातले आहेत. यातले राणावत म्हणजे २००० आणि २००१मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान वाजपेयींचे गुडघे बदलणारे डॉक्टर. हा सगळा तपशील खरा आहे, पण चांगला सांधा हाताशी आल्यावरही एखाद्या शहरातली म्हातारी माणसे तो बसवून घ्यायला कधी आणि का तयार होतात, हे त्यातून कळत नाही. ते समजून घ्यायला सिंगापूरइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. तिथे गुडघा बदलण्याचा निर्णय आणि त्यानंतरचे बरे होणे, दोन्हींना वळण मिळाले ते मुख्यतः शस्त्रक्रियागृहाबाहेर: रुग्णालयाच्या बिलावर आणि इमारतीच्या जिन्यात.

सुरुवातीला तर म्हाताऱ्या गुडघ्याकडे कुणाचे लक्षच नव्हते. व्यापारी तान टॉक सेंग यांच्या देणगीतून १८४४मध्ये गोरगरिबांच्या रुग्णालयाची पायाभरणी झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदी शिपायांच्या बराकींमुळे ‘सिपॉय लाइन्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात १८८२मध्ये जनरल हॉस्पिटल आले. आजचे सिंगापूर जनरल हॉस्पिटल त्याच जागी उभे आहे. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांपुढे येत ते क्षयाने सडलेले सांधे, बंदरावरचे अपघात आणि पोलिओची मुले. विद्यापीठात अस्थिशल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग १९५२मध्ये सुरू झाला, आणि पुढे तिथले तरुण शल्यचिकित्सक भारतातल्यांप्रमाणेच लिव्हरपूलला उच्च शिक्षणासाठी जात राहिले. त्या परंपरेचे आद्य पुरुष ह्यू ओवेन थॉमस यांची शिकवण होती की दुखऱ्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यावी. फारच बिघडलेला गुडघा कायमचा सरळ जखडून टाकत. वयाने झिजलेला गुडघा हा आजार मानलाच जात नसे. गवंड्यांच्या हाताखाली विटा-माती वाहणाऱ्या लाल रुमालवाल्या सॅमसुई बायका, रिक्षा ओढणारे, नदीकाठी पोती उचलणारे हमाल यांनी म्हातारपणी काठी घ्यायची, हे ठरलेलेच होते.

हे चित्र पालटण्यात वाढत्या आयुर्मानाचा वाटा आहेच, पण निर्णयाची रीत बदलली ती पैशाच्या व्यवस्थेने. १९८३च्या राष्ट्रीय आरोग्य योजनेतून १९८४मध्ये ‘मेडिसेव्ह’ सुरू झाले. प्रत्येक कमावत्याच्या भविष्यनिर्वाह निधीतला एक हिस्सा आजारपणासाठी वेगळा पडू लागला आणि तो स्वतःसाठी, तसाच आईवडिलांसाठीही वापरता येऊ लागला. १९९०मध्ये मोठ्या खर्चाचा विमा म्हणून ‘मेडिशील्ड’ आले. सरकारी रुग्णालयांत ए, बी-१, बी-२ आणि सी असे वर्ग होतेच. ए वर्गाला सवलत नाही आणि पंखे लावलेल्या, अनेक खाटांच्या सी वर्गाला सर्वांत जास्त, असा तो हिशेब आहे. २००९पासून रुग्णाची आर्थिक ऐपत पाहून सवलत ठरू लागली. २००३च्या सुमारास आरोग्य मंत्रालयाने कोणत्या शस्त्रक्रियेला कुठे किती बिल येते हे जाहीर करायला सुरुवात केली, आणि २०१८मध्ये शल्यचिकित्सकांच्या शुल्कासाठी मार्गदर्शक मर्यादाही छापल्या. परिणामी डॉक्टर म्हणाले आणि रुग्णाने मान डोलावली, एवढ्यावर भागेना. कोणत्या वर्गात दाखल व्हायचे, थोरल्याच्या खात्यातून किती आणि धाकटीच्या खात्यातून किती, दुसरा गुडघा यंदा की दोन वर्षांनी, हे प्रश्न घरातल्या जेवणाच्या टेबलावर आले. गुडघ्याचा निर्णय कुटुंबाचा झाला.

यावर एक सरळ आक्षेप येतो. मुलांच्या बचतीवर आईचा गुडघा अवलंबून ठेवणे हे स्वातंत्र्य कसले? संकोची आई दुखणे लपवत राहील, आणि ज्यांना मूलबाळ नाही त्यांनी काय करायचे? आक्षेपात तथ्य आहे. तो राज्यकर्त्यांनाही शेवटी मान्य करावा लागला, हे नंतरच्या दुरुस्त्यांवरून दिसते. १९९३मध्ये निर्धनांसाठी ‘मेडिफंड’ काढावा लागला. २०१४मध्ये देश उभारणाऱ्या पिढीसाठी, म्हणजे १९४९ किंवा त्याआधी जन्मलेल्यांसाठी, खास सवलती आल्या. २०१५च्या ‘मेडिशील्ड लाइफ’ने आधीपासून आजारी असलेल्यांसह सर्वांना आजन्म विम्यात घेतले. त्या प्रत्येक टप्प्यावर सांधा तोच होता. बदलत होते ते दार. म्हणून हा आक्षेप मूळ मुद्दा खोडत नाही. पैशाची वाट हाच निर्णयाचा उंबरठा होता, हे तो उलट पक्के करतो.

दुसरी गोष्ट घराची. १९६०मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले आणि काही दशकांतच पाचांपैकी चारांहून अधिक रहिवासी त्याच्या उंच इमारतींत राहू लागले. खर्च वाचावा म्हणून जुन्या इमारतींत लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. ती काही ठरावीक मजल्यांवरच उघडे आणि बाकीच्यांनी एक-दोन मजले चढायचे किंवा उतरायचे. तिशीतल्या भाडेकरूला त्याचे काही वाटले नाही. तोच भाडेकरू सत्तरीत पोचला तेव्हा नवा गुडघा घेऊन रुग्णालयातून परतताना शेवटचे अठरा-वीस पायऱ्यांचे अंतर हीच खरी परीक्षा ठरली. २००१मध्ये लिफ्ट-सुधारणा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे पाच हजारांहून अधिक इमारतींत लिफ्ट दारापर्यंत पोचली. त्यासाठी इमारतीतल्या ७५ टक्के रहिवाशांचा कौल लागे. शिवाय सुधारणांचा क्रम राजकारणाशी जोडलेला होता: हौगांग आणि पोटाँग पासिर या विरोधी पक्षाच्या मतदारसंघांची पाळी बऱ्याच उशिरा आली. म्हणजे एखाद्या आजीचे बरे होणे शेजाऱ्यांच्या आणि मतदारांच्या मतावरही अवलंबून होते. २०१२मध्ये ‘ईझ’ योजनेतून न्हाणीघरात धरायच्या दांड्या, न घसरणारी फरशी आणि उंबऱ्याजवळ छोटे उतार बसू लागले. जुन्या घरांतली उकिडवे बसायची संडासाची भांडी जाऊन कमोड आले ते त्याच्या आधीच.

इथे शल्यचिकित्सक विचारतील, की सांध्याच्या रचनेला काहीच महत्त्व नाही का? आहे, पण कसे ते पाहू. आशियातली माणसे मांडी घालतात, उकिडवी बसतात, हे लक्षात घेऊन २०००च्या आसपास जास्त वाकणारे सांधे बाजारात आले आणि आपल्याकडेही त्यांची जाहिरात झाली. २००७मध्ये सेऊलच्या शल्यचिकित्सकांनी अशा ७२ गुडघ्यांचा अहवाल छापला. सरासरी ३२ महिन्यांत त्यांतल्या २७ गुडघ्यांत मांडीच्या हाडाकडचा भाग सैल झाला होता, आणि गुडघा पूर्ण दुमडून बसणाऱ्यांत हे प्रमाण अधिक होते. इतर अनेक तुलनांत नेहमीच्या आणि जास्त वाकणाऱ्या सांध्यात मोठा फरक आढळला नाही. उकिडवे बसण्याचा प्रश्न अभियंत्याच्या टेबलावर जेवढा सुटला, त्यापेक्षा अधिक तो न्हाणीघरातल्या प्लंबरने सोडवला.

बरे होण्याची कल्पनाही बदलली. थॉमसच्या विश्रांतीच्या जागी हालचाल आली. पूर्वी दोन-तीन आठवडे अंथरुणावर काढणारा रुग्ण आता शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहतो आणि बहुधा आठवड्याच्या आत घरी जातो. टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांच्या संशोधनातून आलेली, पाय आपोआप वाकवणारी यंत्रेही एके काळी जिकडेतिकडे दिसत. पण त्यांचा फायदा अगदी थोडा आहे असे दिसल्यावर ती मागे पडली. स्वतः पाय वाकवण्याला आणि सरळ करण्याला पर्याय निघाला नाही. त्यासाठी माणसे लागतात. १९९२मध्ये स्थापन झालेल्या नानयांग पॉलिटेक्निकने फिजिओथेरपिस्ट देशातच घडवायला घेतले. ज्यांना थेट घरी जाणे जमणार नाही त्यांच्यासाठी कम्युनिटी हॉस्पिटले वाढली, आणि २०१९मध्ये सिंगापूर जनरलच्या आवारातच आउट्रम कम्युनिटी हॉस्पिटल उघडले. मात्र एक हात या गौरवकथेत सहसा दिसत नाही. १९७८च्या धोरणाने परदेशी घरकामगार आणायची मुभा मिळाली. आज कित्येक घरांत आजीला उठवणारी, बर्फाने शेकणारी, व्यायामाची आठवण देणारी बाई फिलिपिन्स, इंडोनेशिया किंवा म्यानमारमधून आलेली असते. तिच्या श्रमांशिवाय या यशाचा ताळेबंद अपुराच आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. पैसे, लिफ्ट आणि मदतनीस असे सगळे हाताशी आले की शस्त्रक्रिया फारच सोपी वाटून नको तेव्हाही होणार नाही का? हा धोका खराच आहे. डेन्मार्कमध्ये २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १०० रुग्णांचे दोन गट केले होते. सर्वांना बारा आठवडे व्यायाम, आहार आणि वेदनेवरचे उपचार मिळाले, पण सांधा एकाच गटाला. वर्षभराने सांधा बदललेल्यांना आराम जास्त होता. मात्र गंभीर दुष्परिणामही त्यांच्यातच जास्त झाले, आणि दुसऱ्या गटातल्या ५० जणांपैकी वर्षभरात फक्त १३ जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली. सांधे टिकाऊ आहेत: २०१९च्या एका मोठ्या आढाव्यानुसार सुमारे ८२ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात. तरीही साधारण पाचातल्या एका रुग्णाची वेदना किंवा नाराजी उरते. म्हणजे निर्णय सोपा झाला तरी त्याचे वजन कमी होत नाही. सिंगापूरच्या व्यवस्थेने कुटुंबाला विचार करायला जागा दिली. विचार मात्र कुटुंबालाच करावा लागतो.

महाराष्ट्राला या इतिहासातून घेण्यासारखे आहे. ऑगस्ट २०१७मध्ये भारत सरकारने सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपयांवर आणला. हे मोठेच काम झाले, पण ते धातूचे काम आहे. पुण्या-डोंबिवलीतल्या लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली सोसायट्या, गावाकडचे परसातले संडास, तालुक्याला न सापडणारे फिजिओथेरपिस्ट यांवर त्या मर्यादेचा काही उपाय नाही. म्हणून घरात कुणाच्या गुडघ्याचा विषय निघाला, तर कोणत्या कंपनीचा सांधा हा प्रश्न थोडा मागे ठेवावा. आधी विचारावे: तीन महिने नेटाने व्यायाम करून पाहिला का, घराला पायऱ्या किती, कमोड आहे का, पहिले सहा आठवडे सोबत कोण राहणार, आणि दुसऱ्या गुडघ्याची वेळ आली तर पैसे कुठून येणार. याची उत्तरे जुळली, की शस्त्रक्रियेची तारीख खुशाल घ्यावी.