सी ड्राइव्हची हद्द कोणी आखली?

१/७
सी ड्राइव्ह भरून लाल झाला तरी शेजारच्या डीमधील मोकळी जागा त्याला सहजासहजी का मिळत नाही? आणि मुळात ए व बी कुठे गेले? दोन्ही प्रश्न आपल्याला १९८३ सालाकडे नेतात. #धागा

२/७
८ मार्च १९८३ रोजी आयबीएमने पीसी एक्सटी हा संगणक जाहीर केला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपींकडे आधीच गेली होती. म्हणून डिस्कच्या वाट्याला सी आले. पुढे फ्लॉपी अस्तंगत झाली, पण सी तिथेच राहिला.

३/७
एकाच डिस्कवर निरनिराळ्या कार्यप्रणाली नांदाव्यात, यासाठी डॉस २.० ने तिचे भाग पाडण्याची सोय केली. या वाटणीची नोंद डिस्कच्या पहिल्या सेक्टरात, अवघ्या ६४ बाइटांत होते : १६ बाइटांच्या चार नोंदी. म्हणून मूळ भाग चारच. अधिक वाटेकरी झाल्यावर १९८७ च्या डॉस ३.३ पासून एका भागातच पोटहिस्से पाडता येऊ लागले.

४/७
ही नोंद म्हणजे डिस्कचा सातबाराच. तो खोडला तरी जमीन जागेवर असते. तळेगावच्या घरी जुन्या संगणकावर सी वाढवण्याच्या नादात मी ई हा भागच पुसला. मोडी कागदांची दोन वर्षे टिपलेली छायाचित्रे त्यात होती. सुदैवाने त्यावर नवे काही लिहिले नव्हते. टेस्टडिस्क या मुक्त प्रणालीने जुन्या हद्दी शोधल्या, नोंद पुन्हा लिहिली आणि छायाचित्रे परत मिळाली.

५/७
चूक कुठे झाली? विंडोजमध्ये डी आक्रसला की मोकळी जागा त्याच्या शेवटी निघते. सीच्या बांधाला ती लागतच नाही. ती सीला जोडायची तर डीमधील सारा ऐवज पुढे सरकवावा लागतो. १९९० च्या दशकात पार्टिशनमॅजिकने हे काम डिस्क न पुसता करून दाखवले. २००७ च्या विस्टाने भाग लहानमोठा करण्याची सोय अंगभूत दिली, पण सरकवण्याची नाही. आणि सरकवताना मध्येच वीज गेली तर ऐवज अर्धा इकडे, अर्धा तिकडे. मावळातल्या पावसाळ्यात हे धाडस करू नये.

६/७
जुन्या नोंदीत सेक्टरांची संख्या ३२ बिटांत लिहिली जाई. ५१२ बाइटांच्या सेक्टरांत ही मर्यादा २ टेराबाइटवर संपते. १० मेगाबाइटच्या काळात ती अफाट वाटली असेल! जीपीटी या नव्या पद्धतीत सहसा १२८ नोंदी मावतात. शिवाय नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवली जाते.

७/७
ती प्रत मात्र केवळ हद्दींची असते, आपल्या कागदांची नव्हे. ‘डीमध्ये ठेवलंय, म्हणजे सुरक्षित आहे’ असे आपण घरोघरी ऐकतो. विंडोज नव्याने टाकताना केवळ सी पुसला, तर ते खरेही ठरते. पण एकाच डिस्कचे सी आणि डी ही दोन कपाटे नव्हेत; एकाच कपाटाचे ते दोन कप्पे आहेत. डिस्क बिघडली की दोन्ही जातात. हद्द हलवण्यापूर्वी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी. माझी मोडी छायाचित्रे आता दोन ठिकाणी आहेत.