विदाबंध

संगणकाच्या स्मृतीतील विदा, म्हणजे डेटा, आणि पडद्यावर दिसणारे तिचे रूप यांच्यातील जोडणीस विदाबंध म्हणतात. एका बाजूस झालेला बदल दुसऱ्या बाजूस आपोआप उतरविणे, हे या जोडणीचे कार्य होय. वेब अनुप्रयोगांत हे काम करणाऱ्या तयार आज्ञावलींच्या संचांना लायब्ररी म्हणण्याचा प्रघात आहे. या लायब्ररींचा प्रसार मुख्यतः 2010 नंतरचा असला, तरी त्यांच्यापुढील प्रश्न पुष्कळ जुना आहे : एकच गोष्ट दोन ठिकाणी नोंदली असता त्यांतील मूळ कोणती मानावी?

महाराष्ट्राच्या महसुली दप्तरात या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे. गाव नमुना सातवर जमिनीच्या भोगवटादाराचे नाव असते, परंतु ते तेथे थेट बदलता येत नाही. खरेदी वा वारसाची नोंद प्रथम गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या कलम 150 प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकती ऐकल्या जातात व नोंद प्रमाणित होते. त्यानंतरच जुन्या नावास कंस होऊन फेरफार क्रमांकासह नवे नाव सातवर येते. खातेदारनिहाय क्षेत्र दाखविणारा आठ-अ हा नमुना सातवरूनच सिद्ध होतो. बदलाचा प्रवाह असा एकाच दिशेने वाहतो. पिंपरी-चिंचवड परिसरातील रहाटणी, वाकड यांसारख्या गावांच्या शेतजमिनींवर आता वसाहती उभ्या आहेत. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानात आज्ञावली लिहिणारे अनेकजण तेथे राहतात. त्यांच्या घराखालील जमिनीचे जुने दप्तर याच शिस्तीने लिहिले गेले आहे.

संगणकक्षेत्रात या विचाराची सुरुवात आयव्हन सदरलंड यांच्या 1963 मधील ‘स्केचपॅड’पासून धरता येते. त्यात आकृतीच्या भागांवर घातलेली बंधने संगणक स्वतः पाळत असे. 1979 मध्ये नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी अमेरिकेतील झेरॉक्स संशोधन केंद्रात विदेचे प्रतिमान, तिचे दृश्य आणि नियंत्रक हे तीन भाग वेगळे करण्याची रचना मांडली. त्याच वर्षी आलेल्या ‘व्हिजिकॅल्क’ या कोष्टक-आज्ञावलीने सामान्य हिशेबनिसाच्या हाती विदाबंध दिला. एका घरातील आकडा बदलला, की त्यावर अवलंबून असलेल्या बेरजा आपोआप बदलत.

वेबवर ही सोय सार्वत्रिक होण्यास वेळ लागला. 1995 मध्ये जावास्क्रिप्ट भाषा आली, तरी पडद्यावरील प्रत्येक घटक शोधून त्यात नवे मूल्य भरण्याचे काम प्रोग्रामरकडेच बहुधा राहिले. एखादी जागा भरायची राहून जाई आणि पान स्वतःशीच विसंगत होई. 2010 मध्ये स्टीव्ह सँडरसन यांची ‘नॉकआउट’ आणि मिश्को हेवरी यांनी आरंभ केलेली ‘अँग्युलरजेएस’ प्रकाशात आली. नॉकआउटमध्ये प्रत्येक मूल्य आपल्यावर कोण अवलंबून आहे याची नोंद ठेवी. अँग्युलरजेएस मात्र बांधलेल्या सर्व मूल्यांची जुन्या मूल्यांशी पुन्हापुन्हा तुलना करी. साधारण दहा फेऱ्यांतही ती स्थिरावली नाहीत, तर त्रुटी दाखवून थांबे. दोहोंत द्विदिशी बंधाची सोय होती : विदा बदलली की चौकट बदले आणि चौकटीत टंकलेले विदेत उतरे.

छोट्या अर्जासाठी ही सोय उत्तम होती. अनुप्रयोग वाढल्यावर मात्र कोणी कोणास बदलले हे उमगेनासे झाले. फेसबुकवर न वाचलेल्या संदेशांचा आकडा दिसे, पण उघडल्यावर नवा संदेश नसे. हा दोष दुरुस्त केला तरी परत येई. हे उदाहरण देऊनच 2014 मध्ये त्या कंपनीने ‘फ्लक्स’ ही एकदिशी रचना मांडली. तिची ‘रिॲक्ट’ ही लायब्ररी 2013 मध्येच खुली झाली होती. बदल एका ठरावीक मार्गाने विदेत नोंदवावा व दृश्य तिच्यावरून पुन्हा घडवावे, असा हा दंडक. फेरफार नोंदवही हाताळलेल्या तलाठ्यास तो मुळीच नवा वाटला नसता! इव्हान यू यांच्या ‘व्ह्यू’ने (2014) मध्यममार्ग काढला : घटकांमध्ये विदा वरून खाली जाते, अर्जाच्या चौकटींपुरता द्विदिशी बंध राहतो. अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार 2021 अखेर संपला.

या यंत्रणेची मर्यादाही महसुली दप्तरातच स्पष्ट दिसते. बंध दोन नोंदींतील मेळ राखतो, नोंदीचा खरेपणा नव्हे. हस्तलिखित सातबारे संगणकात भरताना नावे व क्षेत्रे यांत चुका शिरल्या. चुकीचे क्षेत्र सातवर बसले, की आठ-अवर तेच बिनचूक उतरे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सुसंगती अधिकच घातक, कारण दोन्ही कागद एकच चूक सांगत. त्यामुळे संगणकीकृत उतारे हस्तलिखितांशी ताडून पाहावे लागले आणि 2017 मध्ये गावोगावी चावडीवाचन झाले. उतारे मोठ्याने वाचले जात व खातेदार आपली हरकत तेथेच सांगत. डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे 1 मे 2018 पासून मिळू लागले, ते या पडताळणीनंतर.